काढून टाकलेली खटखट

बहीण: दिवे लावा. आधी दिवे लावा, मग बोलते. अंधारात भांडायची मला सवय नाही.

दिग्दर्शक: ताई, शेवटची पाच मिनिटं राहिलीत अजून. नावं येतील, मग तुम्ही दिलेला तो फोटो येईल...

बहीण: तो फोटो माझ्याच कपाटावर असतो. मला पाठ आहे. दिवे.

संकलक: लावले, मावशी. पाणी देऊ?

बहीण: पाणी नको. तू कोण गं? सकाळपासून त्या बटणांपाशी बसलीयस, तोंडातून अक्षर नाही.

संकलक: मी संकलक. ह्यांनी जे चित्रित केलंय ते मी कापते आणि जोडते.

बहीण: म्हणजे माझाच धंदा, शिवणकाम. मग तुझ्याशी नंतर बोलेन. आधी ह्यांच्याशी. काय हो साहेब, हा दोन तास जो माणूस दाखवलात, तो कोण?

दिग्दर्शक: कोण म्हणजे? तुमचे दादा.

बहीण: तो? दारू पिऊन जिन्यावरून गडगडतो, आरशावर बाटली फोडतो, दुपारी बाराला उठतो आणि क्लॅरिनेट तोंडाला लावल्याबरोबर मधासारखा सूर काढतो, तो माझा दादा?

दिग्दर्शक: ताई, हा कच्चा चित्रपट आहे. अजून बरंच काम...

बहीण: कच्चा असो नाहीतर पिकलेला, माणूस तर तोच राहणार ना? अहो, क्लॅरिनेटची रीड म्हणजे काय हे तरी ठाऊक आहे का तुमच्या त्या नटाला? बोरूची पातळ पट्टी असते ती. चांगली पाच-दहा मिनिटं तोंडात धरून ओली केली नाही तर तिच्यातून नुसता वारा जातो. दादा सकाळी उठला की पहिली रीड तोंडात. मी विचारायचे, आज भाजी काय करू? तो म्हणायचा, ऊंऊं. आमच्या घरात सकाळी मी एकटीच बोलत असायचे. आणि तुमचा नट? पेटी उघडली, काढली, फुंकली! कोरडी ठणठणीत!

दिग्दर्शक: ते लक्षात नाही आलं, मान्य आहे.

बहीण: गाल तरी लक्षात यायचे! केवढे फुगवलेत! दादाकडे शिकायला येणाऱ्या मुलांनी गाल फुगवले की तो माझ्या डबीतली टाचणी उचलून नुसती त्यांच्या गालासमोर धरायचा. एका आठवड्यात गाल आत. आणि त्या खिडकीपाशी उभा राहून वाजवतो, तेव्हा उजवा हात वर नि डावा खाली. जगात कोणी असं धरतं का?

संकलक: ते माझं काम, मावशी. तो डावीकडे बघत होता आणि खिडकी आली उजवीकडे. म्हणून मी चित्र पालटलं. आरशात दिसतं तसं.

बहीण: आणि वाटलं, कुणाला कळणार नाही.

संकलक: हो. तसंच वाटलं.

बहीण: खरं बोलतेस हे बरं आहे. ह्यांना जरा शिकव.

दिग्दर्शक: ताई, मी तुमचा मान ठेवून ऐकतोय. पण हे सगळं बारीकसारीक आहे. रीड, गाल, हात, सगळं दुरुस्त करता येईल. लोक त्यासाठी तिकीट काढत नाहीत.

बहीण: मग कशासाठी काढतात?

दिग्दर्शक: माणूस बघायला. त्याचं प्रेम, त्याचं कोसळणं, पुन्हा उभं राहणं. वर चढला, खाली आला, परत चढला.

बहीण: हा माझा भाऊ आहे की जिना?

दिग्दर्शक: वादकावरचा चित्रपट म्हणजे संगीताचा वर्ग नव्हे, एवढंच म्हणतोय मी. एक माणूस सकाळी चार तास एकच ओळ घोटतोय, हे कोण बघणार?

बहीण: मी बघितलं. तीस वर्षं. मला नाही कंटाळा आला.

दिग्दर्शक: तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही बहीण आहात.

बहीण: आहे ना? मी बहीण आहे ना? मग मी कुठे आहे ह्यात?

दिग्दर्शक: आहात की! तीन प्रसंगांत आहात.

बहीण: कुठल्या?

दिग्दर्शक: चहा घेऊन येते ना, ती.

बहीण: ती... ओले हात कपड्यांना पुसत येते, कप ठेवते आणि दाराआड जाऊन मुसमुसते, ती?

दिग्दर्शक: हो. फार चांगली अभिनेत्री आहे ती.

बहीण: मला वाटलं कामाला ठेवलेली बाई आहे! मी मनात म्हणत होते, आमच्याकडे जन्मात कधी कामाला बाई नव्हती, ही ह्यांनी कुठून पैदा केली? ती मी? आणि मुसमुसतेय कशाला? चहात साखर कमी पडली म्हणून?

संकलक: मी म्हटलं होतं, निदान एकदा तरी त्याने तिला नावाने हाक मारू दे.

दिग्दर्शक: तू जरा थांबशील का?

बहीण: तिला कशाला गप्प करता? बोलू दे. चहा दादा करायचा, साहेब. मला मशीनवरून उठायला फुरसत नसायची. शाळा उघडायच्या आधी शंभर-दीडशे गणवेश अंगावर असायचे. तो उठायचा, चहा करायचा, माझा कप मशीनच्या फळीवर ठेवायचा आणि म्हणायचा, सांडला तर मी जबाबदार नाही. रोज. तीस वर्षं तोच विनोद. तो दाखवला असतात तर निदान मला हसू आलं असतं.

दिग्दर्शक: छान आहे हे. हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?

बहीण: तुम्ही विचारलंत कधी? माझ्याकडे आलात तीनदा, आणि तिन्ही वेळा एकच प्रश्न. दादांच्या आयुष्यात कोणी होतं का? मी सांगत होते रीड कशी तासायचा, आणि तुम्ही वही मिटून माझ्या तोंडाकडे बघत बसला होतात, ह्या म्हातारीने एकदाची बाई बाहेर काढावी म्हणून.

दिग्दर्शक: म्हातारी असं मी कधी...

बहीण: मग शेवटी बाई तुम्हीच काढलीत. ती माडीवरच्या खोलीच्या जिन्यात उभी असते, केस सोडून, ती कोण?

दिग्दर्शक: ती त्यांची प्रेरणा.

बहीण: नाव काय तिचं?

दिग्दर्शक: नाव दिलेलं नाही.

बहीण: कसं देणार! जन्मालाच आली नाही बिचारी. आणि ती माडी? आम्ही तळमजल्यावर राहायचो. एक खोली. ह्या भिंतीला त्याची खुर्ची, त्या भिंतीला माझं पायमशीन. मी कापड पसरलं की त्याला पाय वर घेऊन बसावं लागायचं. एकांत हवा असला तर डोळे मिटायचा, दुसरी सोय नव्हती. तुम्ही त्याला मेणबत्ती दिलीत, ओल आलेली भिंत दिलीत, खिडकीत चंद्र दिलात. आमच्या खिडकीतून शेजारच्या छापखान्याची मागची भिंत दिसायची!

दिग्दर्शक: ताई, आता मी बोलू? ती धून, जी जगाला माहीत आहे, ती थांबत थांबत जाते. दोन पावलं पुढे, मग थबकते, वळते, पुन्हा धावते. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा रेडिओवर ऐकली होती. तापाने फणफणलो होतो. आई म्हणते, ती ऐकता ऐकता मला झोप लागली. तेव्हापासून मला हा चित्रपट करायचा होता, ऐकताय ना? आणि जाणकारांनी लिहून ठेवलंय की त्या धुनेतले थांबे म्हणजे विरहाचे उसासे आहेत. आता एवढा विरह आहे म्हटल्यावर कुणाचा तरी असायला हवा की नको? मी ती बाई हौसेने नाही आणली.

बहीण: विरहाचे उसासे!

दिग्दर्शक: हसताय काय?

बहीण: हसू नको तर काय करू? अहो, ते कॉलरचे कोपरे आहेत!

दिग्दर्शक: कसले कोपरे?

बहीण: गणवेशाच्या सदऱ्याच्या कॉलरचे. मशीनवर कॉलर कधी शिवताना पाहिलीत? सरळ बाजू असली की टीप सुसाट पळते. टोक आलं की थांबायचं. सुई कापडातच ठेवायची, कापड धरून ठेवणारा दाब उचलायचा, कापड फिरवायचं, दाब खाली, आणि पुन्हा पळवायचं. एका कॉलरला दोन टोकं. दिवसाला तीस कॉलर. तो समोर बसून वाजवतोय, मी इकडे थांबले की तोही थांबतोय, मी वळले की तोही वळतोय. आठवडाभर मला कळलंच नाही. मग एक दिवस मशीन बंद असताना त्याने ते तसंच वाजवलं. मी म्हटलं, अरे, ही तर माझी कॉलर! तो म्हणाला, मग, चांगली बसली होती म्हणून उचलली.

संकलक: एक मिनिट, मावशी.

बहीण: काय?

संकलक: तुमचं मशीन. ते वाजायचं कसं?

बहीण: वाजायचं कसं म्हणजे? पायमशीन वाजतं तसं. खटखट खटखट.

संकलक: आणि तुम्ही आम्हाला ज्या टेपा दिल्यात, सकाळच्या रियाजाच्या, त्या त्याच खोलीतल्या?

बहीण: दुसरी खोली होती कुठे? सकाळी वाजवायचा, टेप करायचा, आणि संध्याकाळी ऐकून कव्हरवर लिहायचा. तारीख, आणि खाली काय चुकलं ते. चांगलं काय झालं ते कधी लिहिलं नाही त्याने. का गं? तुझा चेहरा का उतरला?

संकलक: त्या सगळ्या टेपांवर मागे एक खटखट होती. मला वाटलं टेपरेकॉर्डर बिघडलाय, नाहीतर पंखा वगैरे असेल.

बहीण: होती म्हणजे? आता नाही?

संकलक: मी काढून टाकली.

बहीण: काढून टाकलीस.

संकलक: सूर एकदम स्वच्छ हवा होता. ह्यांनीच सांगितलं होतं, पण काढली मी. सोपं नव्हतं ते. ती खटखट सुराच्या आतच बसली होती. सूर कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते, कळायचं नाही. तीन आठवडे लागले.

बहीण: तीन आठवडे लागले तुला मला काढायला.

संकलक: मावशी, मला खरंच...

बहीण: म्हणून! म्हणून मघाशी ऐकताना वाटत होतं, दादाचा सूर असा उघडा का पडलाय? सूर त्याचाच, फुंक त्याचीच, पण कोणीतरी थंडीत अंगरखा काढून घेऊन उभं केल्यासारखा. आणि तुम्ही त्यावर ते पन्नास व्हायोलिनचं पांघरूण घातलंत. आधी काढायचं आणि मग झाकायचं, ही कुठली कारागिरी?

दिग्दर्शक: ताई, बसा. कुठे निघालात? संमतीपत्रावर...

बहीण: सही नाही.

दिग्दर्शक: असं एकदम तोडू नका.

बहीण: नाही म्हणजे नाही. त्या टेपा माझ्या आहेत. दादाने स्वतःच्या हाताने लिहून दिल्यात. माझ्या सहीशिवाय तुम्हाला त्यातला एक सूर वापरता येणार नाही, हे तुम्हीच मला समजावलंत ना? मग आता तुम्ही समजून घ्या.

दिग्दर्शक: मग आम्हाला दुसऱ्या कोणाकडून तरी वाजवून घ्यावं लागेल.

बहीण: घ्या. आणि चित्रपटाला नावही दुसऱ्या कोणाचं तरी द्या. त्या आरशावर बाटल्या फोडणाऱ्याचं. माझ्या दादाला सोडा.

दिग्दर्शक: एवढा राग? एका चित्रपटावर?

बहीण: एका चित्रपटावर! मी आज एकोणसत्तरची आहे. मी गेले की दादाला घरात पाहिलेलं माणूस उरणार नाही. मग उरणार कोण? तुमचा तो गालफुग्या. वीस वर्षांनी कोणी विचारलं, कसा होता हो तो क्लॅरिनेटवाला? तर लोक म्हणतील, चांगला होता, पण दारूने गेला. मोठमोठ्या वाजवणाऱ्यांचं असंच असतं, म्हणतील. मान हलवतील आणि घरी जाऊन जेवतील. मला राग येऊ नये?

दिग्दर्शक: येऊ दे. मग माझाही ऐका. मघापासून तुम्ही मला आरोपीसारखं उभं केलंय. टेपांवर आकडे आहेत की नाही, ताई? एक, दोन, तीन, असे?

बहीण: आहेत.

दिग्दर्शक: दोनशे बारा नंबरच्या टेपेनंतर कुठला नंबर येतो?

बहीण: ते आता कशाला?

दिग्दर्शक: मी सांगतो. दोनशे एकसष्ट. मधल्या अठ्ठेचाळीस टेपा नाहीत. आठवड्याला एक टेप धरली तर जवळजवळ एक वर्ष. ह्या वर्षात एक कार्यक्रम नाही, एक फोटो नाही, एक पत्र नाही. मी तुम्हाला विचारलं होतं. विचारलं होतं की नाही?

बहीण: विचारलं होतंत.

दिग्दर्शक: काय म्हणालात तुम्ही?

बहीण: म्हटलं, हवापालट करायला गेला होता.

दिग्दर्शक: एक वर्ष हवापालट! मग मी त्यांच्या वाद्यवृंदातल्या लोकांकडे गेलो. त्यांच्यातला ढोलवाला अजून आहे. तो म्हणाला, त्या वर्षी तो कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. रस्त्यात भेटला तर तोंडावर हात धरून बोलायचा, नाहीतर मान वळवून निघून जायचा. भर सकाळीसुद्धा. आता तुम्हीच सांगा, माणूस तोंडावर हात धरून कधी बोलतो? मला वाटलं, वास लपवत असणार.

बहीण: वास?

दिग्दर्शक: दारूचा. दुसरं काय असेल?

बहीण: दात नव्हते हो त्याला!

दिग्दर्शक: काय?

बहीण: दात. खालचे पुढचे. हिरड्या गेल्या होत्या. दातांच्या डॉक्टरने एका दुपारी चार काढले, आठ दिवसांनी आणखी दोन. बावन्न वर्षांचा होता. तोंडावर हात धरायचा कारण त्याला लाज वाटायची! वास लपवत असणार म्हणे!

संकलक: आणि क्लॅरिनेट...

बहीण: खालचा ओठ दातांवर दुमडून घ्यायचा आणि त्यावर रीड टेकवायची, असं असतं ते. दातच नाहीत तर ओठ टेकवणार कशावर? डॉक्टरने कवळी दिली. पहिल्या दिवशी फुंकलं तर कवळी रीडसकट बाहेर. दुसरी करून घेतली, ती घट्ट बसली पण तिची कडा ओठाला कापायची. मऊ कापडाची घडी लावून पाहिली, मेण लावून पाहिलं. पाव इंचाचा फरक, साहेब, पण चाळीस वर्षांचा हात आणि चाळीस वर्षांची फुंक सगळं पाण्यात. नवशिक्या पोरासारखा चिरकायचा. बावन्नाव्या वर्षी पहिल्या सुरापासून सुरुवात केली त्याने.

दिग्दर्शक: हे... हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?

बहीण: नाही.

दिग्दर्शक: का?

बहीण: तुम्ही सांगितलं असतं? ज्याला जग मधाचा सूर म्हणतं, त्याला कोंबडा आरवल्यासारखं वाजवताना तुम्ही ऐकवलं असतं? माझ्या ट्रंकेत आहेत त्या अठ्ठेचाळीस टेपा. वर जुनी पांघरुणं घातलीत. मी ठरवलं होतं, माझ्यासोबतच जातील.

संकलक: म्हणजे तुम्हीही काढूनच टाकलंत, मावशी.

बहीण: ...हो. टाकलं.

दिग्दर्शक: हे खूप झालं! मला मघापासून झोडपताय, आणि सगळ्यात मोठी गोष्ट ट्रंकेत दाबून बसलाय!

बहीण: थांबा. माझं चुकलं, ते मी कबूल केलं. पण मी जागा रिकामी ठेवली होती. तुम्ही तिच्यात दारू ओतलीत. दोन्ही एकच नाही. माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं होतं! पडद्यावर एक मिनिट काळोख दाखवायचा होता आणि म्हणायचं होतं, ह्या वर्षात काय झालं ते आम्हाला ठाऊक नाही. कमीपणा आला असता?

दिग्दर्शक: निर्मात्याला कळलं असतं तर मला दारातून आत घेतलं नसतं त्याने. त्याला कोसळणं हवं असतं, ताई. कोसळण्याचा प्रसंग बघूनच त्याने होकार दिला होता. आणि दातांवर कोण रडतं? खरं सांगा. प्रेम गेलं तर लोक रडतात. दात गेले तर हसतात.

बहीण: हसू देत की! आम्हीही हसलो होतो, कवळी उडाली तेव्हा. तो उचलायला वाकला आणि मीही वाकले, दोघांची डोकी आपटली. हसलो, आणि मग तो खुर्चीत जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत बोलला नाही. आता ह्यात रडायचं कुठे आणि हसायचं कुठे, ते तुमचं तुम्ही बघा. कोणी रडावं म्हणून मी इथे आलेच नाही. माझं एवढंच मागणं होतं, की हा चित्रपट बघून माणसाने घरी जावं, ती जुनी धून लावावी आणि म्हणावं, अरेच्चा, ही मी आजवर ऐकलीच नव्हती. बस. तुमचा चित्रपट बघून माणूस दादाची कीव करेल. धून लावणार नाही.

संकलक: मावशी, त्या पिशवीत काय आहे?

बहीण: कुठल्या?

संकलक: सकाळपासून मांडीवर धरून बसलाय. मी ठेवू का बाजूला म्हटलं तरी दिली नाहीत.

बहीण: तुझी नजर बरी आहे. ...एक आहे.

दिग्दर्शक: काय एक?

बहीण: त्या अठ्ठेचाळिसांतली एक. म्हटलं, चित्रपट आधी बघू. दादासारखा दादा निघाला तर देऊ, नाही तर गुपचूप घरी नेऊ.

दिग्दर्शक: म्हणजे आता नेणार.

बहीण: नेणार होते. ह्या मुलीने घोळ घातला. म्हणे, तुम्हीही काढून टाकलंत. बोचलं मला ते. घे गं. आहे ना तुझ्याकडे कॅसेट वाजवायचं यंत्र?

संकलक: आहे. कव्हरवर लिहिलंय... दोनशे चाळीस. खाली लिहिलंय, "आज तीन सूर."

दिग्दर्शक: तीन सूर?

बहीण: दिवसभरात तीन सूर खरे लागले. सहा महिन्यांनी. पहिल्यांदाच त्याने कव्हरवर चांगलं काही लिहिलं. लाव. आणि साहेब, मधे बोलायचं नाही.

(कॅसेट सुरू होते. बराच वेळ फक्त पायमशीनची एकसारखी खटखट. मग एक चिरका सूर, तुटतो. पुन्हा तोच. पुन्हा.)

दिग्दर्शक: बाप रे. हे ते वाजवतायत?

बहीण: म्हटलं ना, मधे बोलू नका.

संकलक: मावशी, सॉरी, मी बोलते. मशीन वेगळं वाजतंय. बाकीच्या टेपांवर आवाज जड असतो, हा हलका आहे. आणि कुठे थांबत नाही.

बहीण: कान आहेत तुला. आणि ह्याच कानांनी ती खटखट पुसून टाकलीस! खाली कापड नाहीये.

संकलक: म्हणजे?

बहीण: रिकामं चालवतेय. शिवायचं म्हटलं की कोपऱ्याला थांबावं लागतं, आणि मी थांबले की तो थांबायचा, आणि थांबला की पुन्हा तोंडाला लावायला त्याला धीर व्हायचा नाही. म्हणून सकाळचा एक तास मी नुसतं पाय मारत बसायचे. कापड नाही, दोरा नाही. गिऱ्हाईक दारातून विचारायचं, काय शिवताय? मी म्हणायचे, तुझं तोंड.

दिग्दर्शक: आणि हे ते... आता ऐका, लागला! हा खरा लागला!

बहीण: हा पहिला. अजून दोन आहेत. आणि त्याआधी हे ऐका.

टेपवरची बहीण: थांब रे जरा.

टेपवरचा दादा: का? काय झालं?

टेपवरची बहीण: दोरा तुटला.

टेपवरचा दादा: बरं. ओव. मी थांबतो.

दिग्दर्शक: पण ताई, दोरा तर नव्हताच म्हणालात.

बहीण: नव्हता. त्याच्या हनुवटीवर रक्त आलं होतं. पुरे कर म्हटलं असतं तर माझ्यावर खेकसला असता आणि आणखी जोरात फुंकला असता. हट्टी होता. दोरा तुटला म्हटलं की मुकाट थांबायचा.

दिग्दर्शक: त्यांना कळायचं नाही, मशीन रिकामं आहे ते?

बहीण: हिला आत्ता दोन मिनिटांत कळलं. तो तर समोर तीस वर्षं बसलेला. बोला की आता. चढ, उतार, काय काय असतं ना तुमचं?

दिग्दर्शक: ती बाटली काढतो मी. आणि आरसा. आणि ती जिन्यातली.

बहीण: आणि निर्माता?

दिग्दर्शक: फाडून खाईल मला.

बहीण: फाडू दे. मी शिवून देईन. बाकीच्या सत्तेचाळीस उद्या येऊन घेऊन जा, ट्रंक मला उचलत नाही. पण सही आज नाही. आधी ह्या मुलीने माझी खटखट जिथल्या तिथे परत बसवायची. सगळ्या टेपांवर. ते ऐकेन, मग सही.

संकलक: बसवते. मूळ टेपा जपून ठेवल्यात मी. आणि मावशी, हे आत्ताचं, दोरा तुटल्यानंतरचं, ह्यात नुसती शांतता आहे. काहीच वाजत नाही, कोणी बोलत नाही. एरवी मी अशी जागा दोन सेकंदांवर आणते, नाहीतर लोकांना वाटतं यंत्र बंद पडलं. ही किती ठेवू?

बहीण: दोरा ओवायला वेळ लागतो तेवढी.